सात नंबरचा पाय

३ नोव्हेंबर, सोमवार. १३८/८८

डॉक्टरांनी रोज सकाळी रक्तदाब मोजून लिहून ठेवायला सांगितलंय, म्हणून वसंतने ही वही आणली. दोन आकडे लिहिले की बाई पेन खाली ठेवेल अशी त्याची समजूत. सव्वीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याची समजूत इतकी कच्ची असू नये.

तर लिहिते. वय बावन्न, परळच्या एका कॉलेजात औषधनिर्माणशास्त्र शिकवते. गेली सहा वर्षं जखमेवर लावायची एक पट्टी बनवते आहे. औषध मिसळलेलं द्रावण बारीक सुईतून सोडायचं, सुईला काही हजार व्होल्ट द्यायचे, की समोरच्या पत्र्यावर धागा उडून बसतो. केसाचे उभे दोनशे भाग केले तर त्यातला एक, इतका बारीक. त्या धाग्यांचं जाळं म्हणजे आमची पट्टी. दिसायला चहावरच्या सायीसारखी. नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, "हळद घातलीस का?" नाही म्हटलं की चेहऱ्यावर दया येते.

शनिवारपासून ती पहिल्यांदाच माणसांवर लावणार. आत्तापर्यंत उंदीर होते. ते तक्रार करत नाहीत आणि हळदीचंही विचारत नाहीत.

आज सुरमई. मधल्या तुकड्या वसंतला, डोकं मला. मला डोकं आवडतं हे मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात जाहीर केलं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार. १४२/९०

लालबागचा धर्मादाय दवाखाना. बारा रुग्ण हवे होते, रांगेत चाळीस होते. मधुमेहाने पायाला जखम झालेली आणि महिनोन्‌महिने न भरलेली माणसं. नाव नोंदवणारी नर्स प्रिती, धागा काढणारा माझा पीएच.डी.चा विद्यार्थी हर्षवर्धन, आणि अटींची यादी हातात घेऊन मी. अटी माझ्याच. वय सत्तरच्या आत ही पहिली.

भिवा नावाचे गृहस्थ, वय चौऱ्याहत्तर, काठी टेकत आलेले. घोट्याच्या वर आतल्या बाजूला जखम, दीड वर्षाची. एके काळी गिरणीत सूतखात्यात होते. पट्टी बोटांत धरून उजेडाकडे केली आणि म्हणाले, "हे किती नंबरचं सूत, मॅडम?"

"याला नंबर लागत नाही काका, इतकं बारीक आहे."

"नंबर नाय तर मंग सूत कसलं ते?"

सहा वर्षांत मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. तरी नाव लिहिता येईना. वय.

बरोबर त्यांची बायको होती, चंपाबाई. सहासष्ट वर्षांची, काडीसारखी. ती म्हणाली, "त्यांचं वय बघितलंत, पाय कुटं बघितलात?"

"नियम आहे, बाई."

"नियम तुमीच केलाय ना? मंग?"

प्रितीला हसू आलं. मला नाही. मग समजलं की त्या बाईच्याही पायाला, त्याच जागी, तसलीच जखम आहे. लहान. बत्तीस मिलिमीटर. आधी दाखवायला तयार नव्हती. नवऱ्याचं नाव यादीत बसत नाही हे पक्कं झाल्यावर एकदम म्हणाली, "मंग माजं लिवा." समजूतदार बाई. सात नंबर तिला दिला.

रोज सकाळी जखम धुवायची, फोटो काढायचा, नवी पट्टी ठेवायची, वर साधं बँडेज. फोटो माझ्या मोबाईलवर. छप्पन्न दिवस. दवाखान्यात यायचं फक्त अठ्ठाविसाव्या आणि छप्पन्नाव्या दिवशी. फोटोत जखम आणि शेजारी कागदाची मोजपट्टी, बाकी काही नको. चेहरा नको, बोटं नकोत, जोडवी-पैंजण नकोत. पाय कुणाचा हे ओळखू येता कामा नये असा नीतिसमितीचा आग्रह. खाजगीपणा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथे आम्ही पायाचा खाजगीपणा जपतो.

१० नोव्हेंबर, सोमवार. १३८/८६

सात नंबरचा फोन. पहिल्या दोन दिवसांचे फोटो ठीक आले होते, म्हणून आश्चर्य वाटलं.

"मॅडम, एक विचारू? पट्टी कापून दोन केल्या तर चालंल काय?"

"अजिबात नाही. औषधाचं प्रमाण बिघडेल. एका जखमेला एक पूर्ण पट्टी. पाकिटावर लिहिलंय ना?"

"मला वाचाय येत न्हाय."

"म्हणून सांगते."

"बरं. एका जखमंला एक." आणि ठेवला.

काटकसर करायची असेल, बिचारी. पाकिटं संपतील अशी भीती वाटते लोकांना. फुकट मिळालेल्या वस्तूवर आपला विश्वासच बसत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार. १४०/८८

सातची जखम अचानक एक्केचाळीस मिलिमीटर. हर्षवर्धन घाबरला. मी त्याला पुस्तक उघडून दाखवलं: सुरुवातीला मेलेल्या पेशी निघून जातात, जखम मोठी दिसते, मग भरू लागते. "पॅनिक होऊ नकोस, वाच." शिक्षक असण्याचं सुख हेच.

२२ नोव्हेंबर, शनिवार. १३४/८६

एक्केचाळीसवरून तेहतीस. बाकी अकरा जणांचं बरं-वाईट चाललंय, पण सात म्हणजे सात. रोज सकाळी सात दहाला फोटो येतो, दूधवाल्याच्या आधी.

२९ नोव्हेंबर, शनिवार. १३२/८४

आज भिंग लावून बघितलं आणि खुर्चीत बसले. सातच्या जखमेच्या कडेला केस आहेत. काळे-पांढरे, दाट. पहिल्या दिवशीच्या फोटोत कातडी गुळगुळीत होती. माझ्या पट्टीने केसांची मुळं परत आणली! जगात कुठल्याही पट्टीने आत्तापर्यंत हे केलेलं नाही. हर्षवर्धन म्हणाला, "मॅडम, खरंच असं होऊ शकतं?" मी म्हटलं, "तुझ्या पिढीला चमत्कार फक्त सिनेमात चालतात."

दहा जानेवारीला कंपनीचे लोक आणि नीतिसमिती एकत्र बसणार आहेत. सगळं ठीक असेल तर पुढची चाचणी दोनशे रुग्णांवर. त्या दिवशीची पहिली स्लाइड ठरली.

६ डिसेंबर, शनिवार. १४४/९०

अठ्ठाविसावा दिवस. सात आली नाही. प्रितीला फोन केला होता: आज चैत्यभूमीला जायचं, गावाकडून पाहुणे आलेत, घरात पंधरा माणसं, पुढच्या आठवड्यात बघू. प्रितीने विचारलं, "काय करू मॅडम?" मी म्हटलं, "फोटो येतोय ना? मग चालेल. पुढची पाकिटं देऊन टाक."

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून गर्दीबद्दल नुसते सुस्कारे. हीच माणसं गणपतीत रस्त्यावर मांडव घालून बसतात आणि परंपरा म्हणतात. मी तसं लिहिलं. रक्तदाबाचं कारण तेच असावं.

९ डिसेंबर, मंगळवार. १३६/८६

सातची पाकिटं तिचा नवरा येऊन घेऊन गेला. काठी न टेकता आला, असं प्रिती म्हणाली. बायकोच्या औषधासाठी नवरा दोन तास रांगेत उभा राहतो हे माझ्या संशोधनाहून मोठं यश आहे. वसंतला सांगितलं. तो पेपर वाचत होता.

२३ डिसेंबर, मंगळवार. १३४/८४

आठ मिलिमीटर! अभिनंदन करायला मी आपणहून फोन केला. आवाज खोल गेलेला.

"बरं नाही का?"

"थंडी वाजतीया."

"मुंबईत?"

"डिसेंबर हाय ना, मॅडम." मग थोडं थांबून, "फोटो बघता ना रोज? पाय बरा हुतोय ना?"

"बरा? चंपाबाई, तुमचा पाय मी पुस्तकात छापणार आहे."

त्यावर ती हसली. बराच वेळ. मग खोकली. एकोणतीस डिग्रीला थंडी वाजणारी बाई. स्वेटर घाला म्हटलं आणि फोन ठेवला.

३१ डिसेंबर, बुधवार. १४०/८८

परवा आणि काल सातचा फोटो नाही. वर्षअखेर, लोक ढिले पडतात. आज सात दहाला आला, पण वाकडा, मोजपट्टी उलटी, अर्धा फोटो लादीचा. बाईने प्यायला सुरुवात केली की काय. जखम पाच मिलिमीटर.

३ जानेवारी, शनिवार. १५८/९६

छप्पन्नावा दिवस. सगळे आले, सात नाही. प्रितीला म्हटलं, जवळच तर राहतात, जाऊन घेऊन ये. अर्ध्या तासाने फोन.

"मॅडम, मावशी गेल्या."

"कुठे?"

"गेल्या म्हणजे... वारल्या. चाळीच्या फळ्यावर लिहिलंय. एकोणतीस तारखेला. उद्या जलदान विधी आहे."

"दुसरं कुणी असेल."

"नाव तेच आहे, खोली तीच आहे. शेजारची बाई म्हणाली, पायात विष झालं, अंगभर पसरलं. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नेलं, दोन दिवस होत्या. पाय पार काळा पडला होता, मॅडम."

"प्रिती, मला आज सकाळी फोटो आलाय."

मी फोन ठेवला.

फोटो परत उघडला. सात दहा. गुलाबी कातडी, चार मिलिमीटर.

४ जानेवारी, रविवार. १६२/१००

पावणेसातपासून फोन समोर ठेवून बसले. येऊ नये असं वाटत होतं. सात दहाला आला.

मेलेल्या माणसाची जखम भरत नाही. एवढं मला ठाऊक आहे, माझ्याकडे पदवी आहे. तरीही साडेतीन मिलिमीटर. नाव वरती तेच, "रुग्ण ७". मी लिहिलं, "कोण आहे?" निळ्या खुणा उमटल्या. पाच मिनिटांनी गुलाबाच्या फुलाचं शुभ सकाळचं चित्र आलं.

मी फोन पालथा घातला आणि त्यावर उशी ठेवली. बावन्न वर्षांची, विज्ञान शिकवणारी बाई. दिवसभर कानात एकच: पाय बरा हुतोय ना? तेव्हा त्यात आनंद ऐकू आला होता. आज आठवून बघते तर तो प्रश्न होता. खराखुरा प्रश्न. तिला उत्तर हवं होतं.

प्रितीला विचारलं, परत जाऊन येशील का? ती म्हणाली, "मला नका सांगू मॅडम, प्लीज." फोन करून बघावं, तर तो कोण उचलेल याची भीती.

५ जानेवारी, सोमवार. १५४/९६

वसंत शिवाजी पार्कच्या फेऱ्या मारून आला. अर्धी चड्डी, पाय स्टुलावर, चहा. मी समोर बसले होते आणि नजर त्याच्या पायावर गेली. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला. केस. काळे-पांढरे, दाट.

"काय बघतेस?"

"पाय."

"इतक्या वर्षांनी?"

मी उठले, सातचे सगळे फोटो उघडले आणि एक एक करून शेजारी लावत गेले. आठ, नऊ आणि दहा नोव्हेंबर: गुळगुळीत पाय, बत्तीस मिलिमीटर. अकरा नोव्हेंबर: दुसरा पाय. दुसऱ्या माणसाचा, दुसऱ्या वयाचा, दीड वर्षाच्या जुन्या जखमेचा. हे इतकं उघड आहे की शाळेतलं पोर सांगेल. मी त्याला चमत्कार म्हणाले होते. स्लाइड बनवली होती.

दहा तारखेला तिने मला विचारलं होतं, कापून दोन केल्या तर चालतील का. मी नाही म्हटलं. अकरा तारखेपासून सगळ्या पट्ट्या नवऱ्याला.

आता हे लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. औषध चौरस सेंटिमीटरवर पसरलेलं असतं. पट्टी दहा बाय दहाची, जखमा तीन-चार सेंटिमीटरच्या. कापली असती तर चाललं असतं. दोघांना पुरून वर उरली असती. पाकिटावर "कापू नये" हे वाक्य मी लिहिलं, कारण सगळेच लिहितात.

गेलं नाही डोक्यातून.

६ जानेवारी, मंगळवार. १५६/९८

हर्षवर्धनला सांगितलं. त्याने पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, सातला वगळू या. ‘संपर्क तुटला’ असं लिहायचं. एक ओळ. बाकीच्या अकराचे आकडे तसे चांगलेच आहेत."

"संपर्क रोज सात दहाला होतोय."

"मॅडम, माझी चार वर्षं आहेत यात." त्याचं चुकत नाही. माझी सहा आहेत.

खरं सांगायचं तर रात्रीच मी ती ओळ टाइप करून बघितली होती. छान दिसते. पण चाचणीतला माणूस मेला तर समितीला कळवायचं असतं, आणि हा माणूस माझ्या पट्टीवाचून मेला, माझ्या सांगण्यावरून.

कळवलं की दोनशेची चाचणी लांबणार, कदाचित कायमचीच. ते मी सोसेन. अडतंय दुसरीकडे. समितीचे दोघं त्या म्हाताऱ्याकडे जाणार, जबाब घेणार. कागद पुढे करून विचारणार, तुमच्या पत्नीच्या नावाच्या पट्ट्या तुम्ही वापरल्यात का? त्याला हे माहीत आहे की नाही ते मला माहीत नाही. नसेल तर ते त्याला असं, सही करता करता कळणार.

न कळवलं तर एक म्हातारा दोन पायांवर सुखाने चालेल. बायकोला देवाने नेलं म्हणेल. त्याच्या घरात देव नसेल, तर नशिबाने म्हणेल.

वसंतला विचारलं. "जाऊन ये," म्हणाला. पेपर बाजूला ठेवून म्हणाला.

७ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी चारला गेले. दुसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली. मला बघून भिवाकाका उठले. काठी नव्हती.

"जयभीम, मॅडम. या. बसा. तुमी सोता आलात."

बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली चंपाबाईचा नवा फोटो, आधार कार्डावरून मोठा केलेला. भुवया आवळलेल्या. मी बसले तिथून तो नेमका समोर येत होता. खुर्ची हलवावी असं वाटलं, हलवली नाही.

त्यांनी चहा केला. मग मी विचारण्याआधीच पँट वर सरकवून पाय दाखवला. "बघा. दीड वरसांनी पायताण घातलं."

"फोटो तुम्ही पाठवता?"

"तिनं शिकवलं. हास्पिटलात जाताना बोलली, फोटो चुकवू नको, न्हायतर मॅडम पट्टी बंद करतील. दोन दिवस जमलं न्हाय. माफ करा."

माफ करा म्हणाले. मला.

मग खुर्ची थोडी पुढे ओढून, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "एक विचारायचं व्हतं. तिची पट्टी साधी व्हती. जुनी साडी उकळून फाडायची, ती बांधायची. मी बोललो, तुला का न्हाय दिली माज्यासारखी? तर बोलली, दवाखान्यात तसंच हाय, गड्यांना ही बारीक सुताची, बायकांना साधी. आणि मॅडमनी मागनं तुमचं पण नाव घातलं." माझ्याकडे बघून थांबले. "तसंच हाय ना?"

मला त्या बाईचं कौतुक वाटलं आणि रागही आला. किती बेमालूम खोटं. त्यात संशय घेण्यासारखं काहीच नव्हतं. गड्यांना चांगलं, बायकांना उरलेलं. कुठल्याही घरात, कुठल्याही ताटात तपासून घ्यावं. तो माणूस सत्तर वर्षं हेच बघत आला होता, तो कशाला शंका घेईल?

"हो" म्हणणं सोपं होतं. एक अक्षर. ते तोंडात आलं होतं.

"नाही, काका," मी म्हणाले. "तुमचं नाव मी घातलं नव्हतं. पट्ट्या तिच्या होत्या. सगळ्या."

मी पुढचंही सांगितलं. तिचा फोन, कापायचं विचारणं, माझं नाही म्हणणं, आणि ते नाही म्हणणं चुकीचं होतं हे. भराभर बोलले, वर्गात तास संपत आला की बोलते तशी.

ते खाली वाकले, बँडेज सोडलं, गुंडाळी बाजूला ठेवली. उरलेली शेवटची पट्टी सायीसारखी चिकटून होती. मोरीत जाऊन फडकं ओलं करून आणलं आणि पुसायला लागले. आधी हळू, मग जोरात. नवी कातडी लाल झाली.

"काका, थांबा. कातडी जाईल."

"काढा मंग तुमी. मला निगत न्हाय."

मी आयुष्यात कुणाची जखम हाताळलेली नाही. माझ्याकडे जखमा फोटोतून येतात. मी खाली बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि फडकं त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"वरचं निघेल. खालचं नाही निघणार. ते रोज आत मुरत गेलं. त्याच्यावरच ही कातडी चढलीय."

"सगळ्या पट्ट्यांचं?"

"सगळ्या."

त्यांनी त्या जागेवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. बाहेर गॅलरीत कुणीतरी कुणाला बादली भरली का म्हणून ओरडत होतं. माझे पाय बधिर झाले होते, तरी उठवेना.

शेवटी मी म्हणाले, "मी हे कळवणार आहे. लोक येतील तुमच्याकडे. विचारतील."

"काय?"

"कसं झालं ते. किती दिवस. तिला किती त्रास होता. तुम्हाला जे माहीत असेल ते सांगा."

ते फोटोकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. भिंतीला लागून दोन गाद्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या, एकावर एक. तिकडे बघत होते.

"मला काय म्हाईत, मॅडम," म्हणाले. "ती बाजूलाच निजायची."